कडा जपणारी दहा वर्षं

यंदाच्या लग्नसराईत जळगाव-धुळ्याकडचे जेवढे लग्नाचे व्हिडिओ बघितले, त्यांतल्या बहुतेकांत कलशाभोवती हिरवी किनार दिसली. हिरव्या पडद्यावरचं तयार टेम्प्लेट उतरवायचं, मोबाइलमध्ये हिरवा रंग उडवायचा, झालं टायटल. त्या नादात तोरणातली आंब्याची पानंही उडतात. कुणी काही बोलत नाही. मला मात्र ते सहन होत नाही.

मी लग्नांचं व्हिडिओ मिक्सिंग, म्हणजे संपादन, करत आलो. व्हीएचएसच्या काळाबद्दल सांगण्यासारखं फार नाही. बदामाची चौकट, चार वाइप, संपलं. खरं काम सुरू झालं ते 2003 च्या सुमारास, मिक्सिंग संगणकावर आल्यावर. आधी प्रीमियर, मग एडियस ही सॉफ्टवेअरं. त्याबरोबर आल्या टीजीए आणि पीएनजी सिक्वेन्स, म्हणजे ओळीनं क्रमांक दिलेल्या चित्रांच्या माळा. एका सेकंदाला 25 चित्रं, म्हणजे दहा सेकंदांच्या गणपतीला 250 फाइली. प्रत्येक चित्रात लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला पारदर्शकतेचा चौथा थर. हा अल्फा थर ॲल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्कमध्ये शोधला. आमच्याकडे तो तयार टायटलांच्या पायरेटेड डीव्हीडीतून पोचला. जीआयएफमध्ये ठिपका एकतर दिसतो, नाहीतर नाही. म्हणून कडा करवतीसारखी. अल्फात 256 पायऱ्या. झेंडूची पाकळी हळदीच्या दृश्यात विरघळायची ती त्यामुळे.

पण ते जमवावं लागे. पहिली फाइल निवडून सिक्वेन्सच्या चौकटीत टिचकी दिली नाही, तर टाइमलाइनवर 250 सुटी चित्रं येऊन पडत. मधला एक क्रमांक गहाळ असला की गणपती तिथेच अडे. वेग 30 वर राहिला तर दहा सेकंदांचं टायटल साधारण सव्वाआठ सेकंदांत संपे आणि सनई मागे राही. सगळ्यात छळलं ते काळ्या किनारीनं. कडेचे रंग आधीच काळ्यात मिसळून आलेले असत. सॉफ्टवेअरला तसं सांगितलं नाही, तर पाकळीला काजळी धरे. डीव्हीडी विकणारे यातलं काही सांगत नसत. पैसे मोजून घ्यायचे आणि अर्धी रात्र आम्ही निस्तरायचं.

तीही कसली रात्र! मे महिन्यातली, लोडशेडिंगची. टीजीएचं एक टायटल 400 एमबी खाई, आणि रेंडर शेवटाला आला की वीज जाई.

आणि त्या डीव्हीडीत खानदेश कुठे होता? मोर होते, हत्ती होते, राजवाडे होते. मांडवाच्या दाराशी उभे केलेले केळीचे खांब एकाही टायटलात नव्हते. शेवटी शेतातल्या केळीचे फोटो काढून आम्हीच पानं कापली, हलवली, सिक्वेन्स केली. पाचोरा, अमळनेर, शिरपूरपर्यंत ती पेन ड्राइव्हवरून फिरली. त्या कामाचा आनंद आजही तसाच आहे.

धुळ्याशेजारच्या मालेगावात स्थानिक सिनेमासाठी हिरव्या कापडापुढे सुपरमॅन उडवला गेला. फैजा अहमद खान यांच्या माहितीपटानं तो जगाला दाखवला, 2025 मध्ये रीमा कागती यांचा चित्रपटही आला. कौतुक व्हायलाच हवं होतं. पण त्याच वर्षांत आमच्या गल्लीबोळांत हीच विद्या रोज राबत होती, आणि वधूपिते आम्हाला ‘बटणं दाबायचे एवढे पैसे?’ असं विचारत होते. ते मी विसरलेलो नाही.

2013 नंतरचं थोडक्यात सांगतो. डीव्हीडी गेली, दुकानं मोबाइल कव्हर विकू लागली, तीन तासांच्या लग्नाची तीस सेकंदांची रील झाली. त्याबद्दल तक्रार नाही. अल्फासकट एकच फाइल देणारा प्रोरेस 4444 हा फॉरमॅट 2009 पासून आहे, पीएनजी सिक्वेन्स आजही संगणकावरच्या बहुतेक सॉफ्टवेअरांत उघडते. म्हणजे अडचण साधनांची उरलेली नाही. म्हणून इथल्या पोरांना एवढंच सांगणं आहे: हिरव्या पडद्याचं टेम्प्लेट घेऊ नका, अल्फा असलेलंच मागा. टायटल लावलं की खाली एकदा पांढरा आणि एकदा काळा थर ठेवून कड बघा, मगच नवरीकडच्यांना पाठवा. आणि केळीचे खांब हवे असतील, तर माझ्याकडच्या हार्ड डिस्कवर ते अजून आहेत. येऊन घेऊन जा.