थंडीच्या पहांटे अडून बसणारें इंजिन

पौष महिन्यांत जुन्नर-आंबेगांवकडील पहांट मोठी बोचरी असते. कुकडीच्या कांठीं धुकें उतरतें, द्राक्षांच्या मांडवावर दंव सांठतें, आणि नेमक्या अशाच वेळीं अंगणांतील जुनी डिझेल मोटार अडून बसते. दोन वर्षांपूर्वीं आमच्या घरीं हा प्रसंग आला. पहांटे चार वाजतां वडिलांच्या छातींत कळ आली. किल्ली फिरवावी तों इंजिन नुसतें कण्हे आणि मागून पांढरा धूर निघे. अखेर शेजाऱ्यांची गाडी मिळाली व वडील वाचले. परंतु दोष यंत्राचा कीं आमच्या अज्ञानाचा, हा प्रश्न मनाला लागून राहिला.

कारण समजणें अवघड नाहीं. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी असते, डिझेलच्या इंजिनांत ती नसते. दट्ट्या हवेस सुमारें वीसपट दाबतो, तिनें हवा तापते, आणि त्या तापलेल्या हवेंत पंप इंधनाचे सूक्ष्म तुषार सोडतो. सायकलींत हवा भरतांना पंपाचें बूड तापतें, तोच हा नियम. थंडींत गार लोखंड ही उष्णता शोषून घेतें, वंगण घट्ट होतें, बॅटरी दुबळी पडते. मग इंधन न जळतांच बाहेर पडतें. तोच तो पांढरा धूर. आजच्या गाडींत इंधनाचें माप संगणक ठरवितो. रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यानें १९२७ सालापासून जे यांत्रिक पंप काढले, त्यांच्या वंशांतील जुन्या पंपांना ही सोय नाहीं.

म्हणून अशा अनेक गाड्यांत दर सिलिंडरमागें एक तापणारी कांडी बसविलेली असते. कारागीर तिला 'हीटर प्लग' म्हणतात. आमच्या गाडीच्या चारांपैकीं दोन कांड्या जळाल्या होत्या, आणि उन्हाळाभर त्यांची उणीव भासलीच नव्हती!

वाचकहो, थंडीपूर्वीं या कांड्या व बॅटरी तपासून घ्यावी. किल्ली अर्धी फिरवून कांड्या तापूं द्याव्या. एका दमांत दहा सेकंदांहून अधिक काळ स्टार्टर फिरवूं नये, मध्यें विसांवा द्यावा. नळींत हवा शिरली असल्यास हातपंपानें ती काढावी. इंजिनाखालीं जळते बोळे धरण्याचें साहस मात्र कोणीं करूं नये.

आतां आमच्या घरीं दिवाळीच्या आवरासावरीबरोबर ही तपासणीहि होते. पहांटे गाडी काढतांना वडील स्वतः शेजारीं बसून वीस अंक मोजतात, आणि मगच म्हणतात, "हं, फिरव आतां."