अभंग गिटारवर बसतो तेव्हा

घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत रविवारची सकाळ ठरलेली. मुलगा गिटार घेऊन बसतो, मी वर्तमानपत्र घेऊन. मागे एकदा त्याने मोबाइल पुढे केला. ''अब्बा, हे ऐका ना.'' मुंबईच्याच 'अभंग रीपोस्ट' या बँडचे गाणे होते. संतांचा अभंग, साथीला गिटार आणि ड्रम. अर्ध्यातच मी म्हणालो, ''यात शब्द कुठे आहेत? नुसता गोंगाट! हे तुमचं काम नव्हे.'' तो काही न बोलता उठून गेला.

रात्री झोप येईना. गाणे पुन्हा लावले आणि मात्रा मोजू लागलो. मोठ्या अभंगाचे चरण चार. पहिल्या तिन्हींत सहा-सहा अक्षरे, चौथ्यात चारच. भजनी ठेका आठ मात्रांचा. अक्षरे त्यावर ऐसपैस पसरतात. चौथा चरण लवकर संपतो आणि उरलेल्या जागेत टाळ बोलतात. रॉकवाले एक-दोन-तीन-चार मोजतात. दोनदा मोजले की आठच! म्हणून अभंग गिटारवर सहज बसतो. फरक आहे तो जोराचा. रॉकचा ड्रमर बहुधा दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर जोर देतो. तिथे एखादे अक्षर लांबवलेले असले की ते दबते. माझी तक्रार खरी होती ती एवढीच.

अशा संगीताला ही मुले 'इंडी' म्हणतात. म्हणजे सिनेमाच्या किंवा मोठ्या कंपनीच्या आधाराशिवाय केलेले. पूर्वी कॅसेट काढायची तर कंपन्यांचे उंबरठे झिजवावे लागत. आज गाणे स्वतः रेकॉर्ड करून इंटरनेटवर टाकता येते. नीरज आर्य यांच्या 'कबीर कॅफे' या मुंबईच्या बँडने कबीरही असाच गिटारवर गायला.

मला मात्र वेगळेच बोचत होते. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सुमारे चारशे वर्षांपूर्वी मराठीत अभंग लिहिले. तरीही 'तुम्ही मराठीत कसे लिहिता?' हा प्रश्न मला आयुष्यभर ऐकावा लागला. 'हे तुमचं काम नव्हे' असेच त्यात दडलेले असते. तेच वाक्य मी माझ्या मुलाला ऐकवले होते.

सकाळी मी त्याची माफी मागितली. आता नवे गाणे आम्ही दोनदा ऐकतो, एकदा ठेक्यासाठी, एकदा शब्दांसाठी. तो स्वतःच्या चाली मला ऐकवतो. मी एवढेच म्हणतो, ''चौथ्या चरणापाशी ड्रमरला जरा हात हलका ठेवायला सांग.''

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)