तापलेली टॉर्च उघडू नका

रात्री सार्वजनिक शौचालयाकडे जाताना हातात चार्जिंगची टॉर्च लागतेच. तिच्यातला लिथियम सेल 4.2 व्होल्टच्या वर चार्ज झाला, आपटून चेपला, किंवा दोन सेलच्या टॉर्चमध्ये एक जुना, एक नवा घातला, तर तो तापतो आणि आत वायू तयार होतो. वायू सुटावा म्हणून सेलच्या टोकाला सोय असते. पण पाणी शिरू नये म्हणून टॉर्च रबरी रिंगने घट्ट बंद केलेली. वायू त्या नळकांड्यातच अडकतो. शिटी तुंबलेल्या कुकरसारखं. मग काच किंवा मागचं झाकण गोळीसारखं उडतं.

टॉर्च आपोआप तापली, सूं आवाज आला, उग्र वास सुटला, तर झाकण फिरवून बघायचं नाही. घरातली कर्ती माणसं नेमकं तेच करतात! चार्जिंगला असेल तर बटण बंद करा, मुलांना घेऊन बाहेर पडा. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन फ्लोराइड असतात. खोकला, धाप काही तासांनीही सुरू होते, म्हणून दवाखान्यात जाच. तिथे नुसतं ‘भाजलं’ म्हणू नका, ‘लिथियम बॅटरी फुटली’ असं सांगा. या आम्लाचा उपचार वेगळा असतो. निघण्याआधी भाजलेल्या जागेवर, डोळ्यांत 20 मिनिटं स्वच्छ पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद नको. ती काढताना पेशंट दुप्पट रडतो, हे मी ड्रेसिंग करताना पाहिलंय.

टॉर्च उशाशी रात्रभर चार्जिंगला लावू नका. फुगलेला सेल कचऱ्यात टाकू नका. गाडीत दाबला की पेटतो, आणि कचरा वेचणाऱ्या बाया आपल्याच वस्तीतल्या. टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.