तंजावरच्या सनदा : गाव दिलं म्हणजे नेमकं काय दिलं?



व्यंकोजीराजांनी तंजावरला भोसल्यांची गादी स्थापन केली ती १६७६ च्या सुमारास. पुढे १८५५ पर्यंत तिथल्या दरबाराने मोडीत असंख्य कागद लिहून ठेवले. आज त्यातल्या जमिनीच्या कागदांविषयी बोलू. मला वारंवार एक प्रश्न येतो, "आमच्याकडे तंजावरच्या राजांची सनद आहे, तिच्यात गाव दिल्याचं लिहिलंय. मग ते गाव आमचं का?"

फौजेत नकाशा हाती आला की आधी त्याची तारीख आणि प्रमाण बघायचं, मगच पाऊल टाकायचं. निवृत्तीनंतर मोडी शिकलो तेव्हा तीच सवय उपयोगी पडली. सनदेकडेही तसंच बघा.

पहिली गोष्ट तारीख. कागदावर नुसतं संवत्सराचं नाव असेल तर घाई करू नका. ही नावं साठ वर्षांनी पुन्हा येतात. सिद्धार्थी संवत्सर १६७९ ला आलं, १७३९ ला आलं आणि १७९९ लाही आलं. म्हणजे तोच शब्द व्यंकोजीराजांच्या, प्रतापसिंहांच्या किंवा सरफोजीराजांच्या काळातला असू शकतो. शक, सुहूर सन, शिक्का आणि देणाऱ्याचं नाव जुळवूनच काळ ठरवायचा.

दुसरी गोष्ट माप. आपल्याकडचा बिघा आणि चावर तिथे चालत नाही. कावेरीच्या खोऱ्यात भातजमीन मोजतात 'वेली'त. एक वेली म्हणजे वीस 'मा', साधारण साडेसहा-पावणेसात एकर. धान्य मोजायचं 'कलम'मध्ये आणि एका कलमाचे बारा मरक्काल. मराठी कागदात हे तमिळ शब्द मोडीत लिहिलेले सापडतात. वाचणारा फक्त मराठी जाणत असेल तर तिथेच अडखळतो.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. तंजावर भागात जमिनीच्या उत्पन्नाचे दोन वाटे असत. सरकारचा वाटा तो मेलवारम. कसणाऱ्याचा किंवा मिरासदाराचा वाटा तो कुडिवारम. राजाने गाव इनाम दिलं की बहुतेक वेळा तो आपला वाटा, म्हणजे मेलवारम सोडत असे. शेतात पिढ्यान् पिढ्या असलेल्या मिरासदाराचा हक्क तसाच राही. दोन्ही हक्क असलेले इनामदारही होते, पण ते सनदेतल्या शब्दांवरून सिद्ध व्हायला हवं. 'गाव दिलं' एवढ्यावरून माती मिळाली असं म्हणता येत नाही.

खुद्द राजघराण्याचं काय झालं बघा. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने सरफोजीराजांनी राज्याचा कारभार कंपनीकडे दिला. बदल्यात त्यांना दरसाल एक लाख होन आणि महसुलाचा पाचवा हिस्सा ठरला. किल्ला, वाडा आणि खासगी मालमत्ता राहिली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे मुलगा नसताना वारले. कंपनीने राज्य संपल्याचं ठरवलं आणि १८५६ मध्ये राज्याबरोबर खासगी मालमत्ताही जप्त केली. थोरल्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या सुप्रीम कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला. त्यांचं म्हणणं असं, की ही सत्तेने सत्तेविरुद्ध केलेली कृती आहे, तिची चौकशी कोर्टाला करता येत नाही. जप्ती योग्य होती की नाही, हा प्रश्न कोर्टाने हातीच घेतला नाही. शेवटी १८६२ मध्ये सरकारनेच मालमत्ता राण्यांना परत दिली. पण ती हक्क म्हणून नव्हे, सरकारी हुकुमाने. तिलाच पुढे तंजावर पॅलेस इस्टेट म्हणू लागले आणि तिचे वारसाहक्काचे दावे १९२० च्या दशकापर्यंत चालले. साक्षात राणीची ही गत, तर आपल्या घरातल्या कागदाचं काय?

म्हणून साखळी तपासा. सनद हा पहिला दुवा. १८५८ पासून इनाम कमिशनने मद्रास इलाख्यातली इनामं तपासली, त्या नोंदी 'इनाम फेअर रजिस्टर'मध्ये आहेत. तो दुसरा दुवा. तिसरा दुवा म्हणजे १९६३ चे इनाम रद्द करणारे कायदे. त्यानंतर जमीन रयतवारी झाली आणि पट्टा ज्याच्या नावे त्याची गोष्ट पुढे चालली. चेन्नईच्या अभिलेखागारात आणि जिल्ह्याच्या महसूल कचेरीत चौकशी करा. मधला दुवा तुटला असेल तर नुसत्या सनदेवर गाव परत मिळत नाही. "मिळवून देतो" म्हणत आगाऊ पैसे मागणाऱ्याला दारातूनच नमस्कार करा.

मग कागद टाकून द्यायचा? अजिबात नाही! त्यात गावाची चतुःसीमा आहे, पाटाचं पाणी आहे, देणाऱ्या-घेणाऱ्यांची नावं आहेत. आपल्या माणसांनी तमिळ मुलखात दोनशे वर्षं कसा संसार केला त्याचा तो पुरावा आहे. १९१८ मध्ये सरस्वती महाल ग्रंथालय लोकांसाठी खुलं झालं, तिथे आजही मोडीचे रुमाल आहेत. तमिळ विद्यापीठाने त्यांतल्या काही कागदांचे तमिळ अनुवाद छापले आहेत. मराठीत मात्र अजून पुष्कळ काम बाकी आहे.

कागदाला सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन करू नका. दोन्ही बाजूंचे स्वच्छ फोटो काढा, सुती कापडात ठेवा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या. घरातल्या एका तरी मुलाला मोडी शिकवा.

जय हिंद!