शेजारच्या बाकावरचा लेखक

वीकेंडला रायटिंग क्लास लावलाय? मग शेजारच्याला 'काय करतोस?' विचारू नका. आयटी नाहीतर बँक, उत्तर ठरलेलं! त्यापेक्षा विचारा, लिहितोस कधी? कुठे? कशावर?

कुणी लोकलमध्ये लटकत मोबाइलवर चार ओळी टाइप करतं, कुणाला शंभर पानी वहीच लागते. कुणी पहिलाच परिच्छेद दहादा खोडतं. 'जॉबमुळे वेळच मिळत नाही' म्हणणाऱ्याला अँथनी ट्रॉलोप सांगा. एकोणिसाव्या शतकातला हा इंग्रज कादंबरीकार पोस्टातली नोकरी सांभाळून पहाटे साडेपाचला लिहायला बसायचा. घड्याळ समोर, दर पाव तासाला २५० शब्द!

आणि लिहून करायचंय काय? 'कादंबरी' म्हणणारे बरेच भेटतात. मला 'यंदा दिवाळी अंकाला एक कथा पाठवायचीय' म्हणणारा जास्त भरवशाचा वाटतो. १९०९च्या 'मनोरंजन'पासून चालत आलेली ही सोय, शिवाय डेडलाइन आयती.

एखादी मात्र हळूच सांगते, आजी गेली, तिच्या गोष्टी कुणीच लिहून ठेवल्या नाहीत. आईला आठवतायत तोवर उतरवायच्यात. तिथे ट्रॉलोप नको, टिप्सही नकोत. दोन कटिंग सांगा आणि विचारा, पहिली कुठली लिहिणार?