जागा हलवली तर काय बिघडतं?

नाट्यगृहाचं भाडं परवडत नाही म्हणून बंद गिरणीच्या शेडमध्ये लावलेला प्रयोग वेगळा आणि त्या गिरणीशिवाय होऊच शकणार नाही असा प्रयोग वेगळा. आपल्याकडे दोन्हींचं सारखंच कौतुक होतं. माझी कसोटी साधी आहे: हाच प्रयोग उद्या दुसरीकडे नेला तर काय बिघडेल?

या कसोटीला सिंधुदुर्गातला आणि पेडण्याकडचा दशावतार पुरेपूर उतरतो. जत्रेच्या रात्री देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, त्यानंतरच खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार, म्हणजे पूर्वरंग: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती. मग काळ्या वेषातला, वेद पळवणारा संकासुर येतो आणि मालवणीतून गावातल्याच गोष्टींवर फिरक्या घेतो. विष्णू त्याला मारतो आणि आख्यान सुरू होतं, ते रात्रभर. संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या बोलतात. नेपथ्य म्हणावं तर एक लाकडी बाकडं. राजा बसला की तेच सिंहासन. पेटी, मृदंग, झांज शेजारीच. उजाडता उजाडता दहीकाला. हाच खेळ शहरातल्या नाट्यगृहात अडीच तासांत बसवला की मुकुट येतात, गाणी येतात, युद्धंही येतात. पालखी मात्र येत नाही आणि संकासुराला फिरकी घ्यायला गाव उरत नाही.

दिग्दर्शक इब्राहिम अल्काझींनी मुंबईत राहत्या इमारतीच्या गच्चीवर नाटकं केली. दिल्लीत ते अवशेषांकडे वळले. १९६३मध्ये त्यांनी धर्मवीर भारतींचं महाभारतावरचं 'अंधायुग' फिरोजशाह कोटल्यात केलं, तर सत्तरच्या दशकात गिरीश कार्नाडांचं 'तुघलक' पुराना किल्ल्यात. गंमत बघा, तुघलकांच्या कोटल्यात महाभारत आणि हुमायून-शेरशाहच्या किल्ल्यात तुघलक! पण बिघडलं काहीच नाही. अशा नाटकाला जागेची वंशावळ लागत नाही. पडक्या भिंती, उंच-सखल पायऱ्या आणि नटाला लहान करून टाकणारं उघडं आभाळ लागतं.

जागेशी बांधलेल्या रंगभूमीचा विषय निघाला की छबिलदास शाळेचं नाव हमखास घेतलं जातं. १९७४पासून 'आविष्कार' या नाट्यसंस्थेनं दादरच्या त्या शाळेच्या सभागृहात प्रायोगिक रंगभूमीला घर दिलं, हे ऋण मोठंच. पण पुढे संस्था माहीमच्या महापालिका शाळेत गेली आणि नाटकं तिथेही होत राहिली. म्हणजे छबिलदासनं रंगकर्मींना स्वातंत्र्य दिलं, विषय दिला नाही. काही नाटकं तर जागेला बांधलेली नसावीत म्हणूनच केलेली असतात. स्त्रीमुक्ती संघटनेचं, ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३चं. ते वस्त्यावस्त्यांत, गावोगाव गेलं. ते कुठेही उभं राहू शकत होतं, हीच त्याची ताकद. इथे माझी कसोटी गैरलागू आहे.

अलीकडे वाडे, गच्च्या, कॅफे, जुने कारखाने यांत प्रयोग होतात. प्रकाश, प्रेक्षकसंख्या, बाहेर पडायची वाट, परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, पोलिसांचा परवाना या सगळ्याची आधी तजवीज होते. राहून जाते ती तालीम, प्रयोगाच्याच वेळेला, त्याच जागी. संध्याकाळी सातला वाड्यात कुकरच्या शिट्ट्या होतात, टीव्हीवर मालिका लागते, कोणीतरी स्कूटर आत घेतं. दिग्दर्शक मग शेजाऱ्यांना दोन तास गप्प राहायची विनंती करतो आणि ज्यासाठी तिथे आला तेच बंद करून टाकतो. त्यापेक्षा शिट्टीला संवाद थांबवायचा की शिट्टीवरच पुढचा संवाद टाकायचा, हे तालमीत ठरवावं. आणि गॅलरीतून बघणाऱ्या बिऱ्हाडकरूंकडे तिकीट मागू नये.