अदृश्य मैदानावरील पंच

मुलांनो, हुतूतूच्या मैदानावर चुन्याची रेघ आखलेली असते आणि रेघेपाशी पंच उभा असतो. गड्याचा पाय रेघेबाहेर पडला की नाही, हे त्याला डोळ्यांनी दिसते. परंतु ज्या खेळाचे मैदान कोणाच्याच पायाखाली नसते, ज्यातील गडी परस्परांपासून शेकडो कोस दूर, आपापल्या घरी बसलेले असतात, त्या खेळात नियमभंग कोणी ओळखावा आणि दोषी गड्यास शासन कोणी करावे?

‘माइनक्राफ्ट’ हा असाच एक खेळ आहे. स्वीडन देशात जन्मलेला हा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील सारी सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची असते. खेळाडू हे ठोकळे खणून काढतो आणि ते रचून घरे, पूल व किल्ले उभारतो. अनेकांनी मिळून खेळावयाचे असले, म्हणजे ही सृष्टी एका संगणकावर ठेवावी लागते. त्या संगणकास ‘सर्व्हर’ म्हणतात. एकाने ठोकळा फोडला, की तो बदल सर्व्हरकडे जातो व तेथून इतरांस दिसतो. असा सर्व्हर कोणालाही चालविता येतो. त्यामुळे तेथील नियम ठरविण्याचे आणि ते राखण्याचे काम तो चालविणाऱ्यावर व त्याने नेमलेल्या नियामकांवर येऊन पडते.

हे नियम बहुधा साधेच असतात. दुसऱ्याने बांधलेले मोडू नये. दुसऱ्याच्या पेटीतील वस्तू घेऊ नये. अपशब्द बोलू नयेत. लबाडी करू नये. कोणी म्हणेल, “ठोकळेच ते! मोडले तर काय बिघडले?” ठोकळे खोटे असतील, पण ते रचण्यात वेचलेले श्रम खोटे नसतात. महिनाभर खपून बांधलेला किल्ला एके दिवशी उद्ध्वस्त झालेला पाहून मुलाच्या डोळ्यांत जे पाणी येते, ते खरेच असते.

तक्रार आली, की नियामकाने प्रथम पुरावा पाहावयाचा असतो. कोण केव्हा आले आणि काय बोलले, याची नोंद सर्व्हरवर राहते. कोणता ठोकळा कोणी फोडला, हे टिपून ठेवण्याची सोयही अनेक ठिकाणी केलेली असते. समजा, मोडलेल्या घरापाशी एक मुलगा उभा दिसला आणि सर्वांनी त्यालाच चोर ठरविले. नोंदी उघडून पाहाव्यात, तो भिंती फोडल्या दुसऱ्यानेच. हा बिचारा त्या पुन्हा रचीत होता! नोंदी न पाहता शिक्षा दिली असती, तर केवढा अन्याय झाला असता!

काही लबाडी मात्र अशी थेट नोंदीत सापडत नाही. या खेळात हिरे जमिनीत खोल दडलेले असतात. प्रामाणिक खेळाडूस ते शोधताना कितीतरी भुयारे व्यर्थ खणावी लागतात. लबाड खेळाडू खेळात फेरफार करून दगडापलीकडचे पाहतो. म्हणून त्याचे भुयार एका हिऱ्यापासून दुसऱ्या हिऱ्याकडे नेमके वळत जाते. जाणता नियामक भुयारांच्या आकारावरून ही लबाडी ताडतो. तथापि, एखादा हिरा दैवयोगानेही हाती लागतो. म्हणून एका भुयारावरून निवाडा करणे योग्य नव्हे. अनेक भुयारे तपासावी आणि खेळाडूचे म्हणणेही ऐकून घ्यावे. दोषी ठरणारा आपला मित्रच निघाला, तर नियामकाच्या रामशास्त्री बाण्याची खरी कसोटी लागते.

शिक्षेच्याही पायऱ्या असतात. प्रथम समज द्यावयाची. मग काही काळ बोलण्यास बंदी. नंतर खेळातून बाहेर काढणे. बाहेर काढलेला खेळाडू लगेच परत येऊ शकतो. परंतु नावावर बंदी घातली, की दार बंद होते. घरच्या जोडणीच्या पत्त्यावरही बंदी घालता येते. पण मग त्याच जोडणीवरून खेळणारी निरपराध भावंडेही अडविली जातात. म्हणून हे शस्त्र जपून वापरावे लागते. विशेष हे, की बंदी उठविण्याची जी आज्ञा या खेळात आहे, तिचा इंग्रजी शब्द ‘क्षमा’ याच अर्थाचा आहे.

हे सारे कशासाठी, याचे उत्तर कॅनडातील एका उदाहरणात सापडते. स्वमग्नता असलेल्या मुलांना अनेक सर्व्हरांवर छळ सोसावा लागे. इतर खेळाडू त्यांना हिणवीत व त्यांची बांधकामे मोडीत. ते जाणून स्टुअर्ट डंकन या गृहस्थांनी २०१३ साली ‘ऑटक्राफ्ट’ नावाचा सर्व्हर सुरू केला. ज्यांची नावे मान्य यादीत आहेत, त्यांनाच तेथे प्रवेश देण्याची व्यवस्था त्यांनी केली. जी मुले अन्यत्र एकटी पडत होती, त्यांना तेथे निर्भयपणे खेळता येऊ लागले आणि सवंगडी मिळाले.

यावरून नियामकाचे खरे काम ध्यानात येईल. दोषी गड्यास बाहेर काढणे, हा त्या कामाचा केवळ एक भाग होय. सर्वांत दुबळ्या गड्यालाही मैदानावर निर्धास्तपणे पाऊल टाकता यावे, हा त्याचा हेतू आहे. मात्र पंच कितीही दक्ष असला, तरी प्रत्येक क्षणी त्याची दृष्टी सर्वांवर असू शकत नाही. कोणी पाहत नसतानाही जो गडी दुसऱ्याची भिंत मोडीत नाही, तो स्वतःच स्वतःचा पंच असतो. आणि अशा गड्यांच्या बळावरच कोणतेही मैदान, दृश्य असो वा अदृश्य, खेळण्याजोगे राहते.